संकरित टोमॅटोच्या दुसऱ्या पिढीत बियाण्याला कोणतं झाड धरावं?

हातकणंगले तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांनी गेल्या वर्षी संकरित टोमॅटोच्या प्लॉटमधली सगळ्यात लगडलेली ८ झाडं बियाण्याला धरली. त्या बियाची यंदा २९६ झाडं उभी आहेत आणि एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. काही बांबूच्या वर निघाली, काही गुडघ्याएवढीच राहिली. फळं लिंबापासून मुठीएवढी. काहींची पानं व्हायरसनं मुरडली, काही शेजारी असून स्वच्छ. ७१ झाडांची फळं पिवळी होऊन थांबली, लाल झालीच नाहीत. दुकानदारानं त्याला पोटॅशची कमतरता सांगितली. पाटाकडेचं एक झाड मात्र भारानं वाकलंय. आता त्याच झाडाचं बी धरलं तर आपला स्वतःचा वाण तयार होईल का, असं ते विचारतात.

वाण तयार होऊ शकतो. पण त्या एका झाडावर भिस्त ठेवू नका. का, ते सांगायला गेल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी तुम्ही ८ झाडं निवडलीत, त्या निवडीनं काहीच घडलं नाही. हे ऐकायला वाईट वाटेल, पण ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. कंपनीच्या पाकिटातलं बी हे दोन शुद्ध, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या राहणाऱ्या, वंशांच्या संकराची पहिली पिढी, म्हणजे एफ-१. त्यातल्या प्रत्येक रोपाला आईकडून तेच आणि बापाकडून तेच मिळालेलं असतं. जुळ्या भावंडांसारखी ती सगळी आतून एकसारखी. मग एखादं जास्त लगडलं ते कशामुळे? मुळाशी शेणखत जास्त पडलं, ड्रिपरमधून पाणी बरं आलं, शेजारचं रोप मेल्यानं ऊन मिळालं. यातली एकही गोष्ट बियात उतरत नाही. तुम्ही सगळ्यात किडकं झाड धरलं असतंत, तरी यंदाचं रान असंच दिसलं असतं. फक्त रोगट झाडाचं बी घेऊ नये, तेवढं खरं.

डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी १९०३ साली घेवड्यावरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं. एकाच शुद्ध वंशातले टपोरे दाणे पेरले काय आणि बारके पेरले काय, पुढच्या पिढीत दाण्याची सरासरी तीच आली. आतून फरकच नसेल तर निवड कशातून करणार? त्यांनीच पुढे ‘जीन’, म्हणजे जनुक, हा शब्द दिला. झाडाचं दिसणं वेगळं आणि त्याचा आतला वारसा वेगळा, हा भेदही त्यांनीच नावं देऊन पक्का केला. पैदासकाराचं सगळं काम या दोहोंमधलं अंतर ओळखण्याचं आहे.

यंदाचं रान मात्र वेगळं आहे. टोमॅटोत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. एफ-१ च्या फुलात आईबापाकडून आलेली ही गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात आणि दुसऱ्या पिढीत, एफ-२ मध्ये, दर झाडाला वेगळं पान पडतं. तुम्हाला जो गोंधळ वाटतोय तेच तुमचं भांडवल आहे. उपटून टाकू नका.

आता त्या ७१ पिवळ्या झाडांकडे या. पोटॅश कमी पडलं असतं तर फळावर पिवळे-हिरवे चट्टे आले असते आणि पट्ट्यापट्ट्यानं आले असते. तुमच्याकडे पूर्ण झाडंच्या झाडं पिवळी आहेत, रानभर विखुरलेली आहेत, आणि २९६ चा चौथा हिस्सा ७४ होतो. शेतात असा चौथाई आकडा दिसला की मी खताच्या पोत्याकडे बघत नाही, वारशाचे नियम मांडणाऱ्या मेंडेलकडे बघतो. माझं निदान असं: तुमच्या संकरित वाणाच्या एका बाजूला ‘रिन’ नावाचा बदललेला जनुक होता. फळाच्या पिकण्यावर ताबा ठेवणारी जी कळ असते, ती या जनुकात बिघडलेली असते. दर जनुकाच्या झाडात दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती मोडक्या असतील तर फळ पिवळं होतं, घट्ट राहतं, आठवडेच्या आठवडे सडत नाही, पण लाल होत नाही आणि चवही येत नाही. एक प्रत चांगली आणि एक मोडकी असेल तर फळ लाल होतं, पण सावकाश, आणि टिकतं जास्त. लांबच्या बाजारासाठीच्या कित्येक संकरित वाणांचा टिकाऊपणा याच अर्ध्या मात्रेवर उभा आहे.

खात्री करायला एक खूण बघा. पिवळ्या फळांच्या देठाकडची हिरवी टोपी लाल फळांच्या टोपीपेक्षा स्पष्ट मोठी आहे का? रिनमध्ये शेजारच्या जनुकाचाही तुकडा गेलेला असतो आणि त्यामुळे टोपीची पानं मोठी होतात. पोटॅशनं टोपी वाढत नाही.

यातून एक कटू गोष्ट निघते. पाकिटातल्या वाणाचा हा टिकाऊपणा तुम्हाला सरळ वाणात, म्हणजे घरचं बी धरूनही तसाच राहणाऱ्या वाणात, कधीच पक्का करता येणार नाही. अर्धी मात्रा दर पिढीला फुटणारच: एक हिस्सा पूर्ण लाल, दोन हिस्से अर्ध्या मात्रेचे, एक हिस्सा पिवळा. तुमच्या उरलेल्या २२५ लाल झाडांपैकी साधारण ७५ च या बाबतीत शुद्ध आहेत. बाकीची १५० पुढच्या वर्षी पुन्हा पिवळी पोरं देणार. संकरिताचं बी धरून ‘तोच वाण घरी केला’ म्हणणाऱ्यांची फसगत इथंच होते. टिकाऊपणा हवा असेल तर तो दुसऱ्या वाटेनं आणावा लागेल: जाड गर, कडक साल, आत पोकळी नाही. हे गुण अनेक जनुकांचे असले तरी सरळ वाणात उतरतात. लाल झालेलं फळ घरात सावलीत ठेवा आणि कितव्या दिवशी बोटाखाली दबतं ते लिहून ठेवा. यापेक्षा मोठं यंत्र सुरुवातीला लागत नाही.

काही गुण मात्र दिसले की लगेच पक्के झाले असं समजा. जो गुण दोन्ही प्रती सारख्या असल्याशिवाय दिसतच नाही, तो दिसलेलं झाड त्या गुणापुरतं शुद्ध असतं. तुमची बुटकी, झुपकेदार झाडं घ्या. टोमॅटोची वाढ ठरावीक उंचीला थांबवणारा गुण १९१४ साली फ्लोरिडात एका झाडावर आपोआप आलेला आढळला. मशिननं काढायच्या टोमॅटोची सगळी शेती त्यावर उभी राहिली. तो असाच अप्रभावी गुण आहे. तुमचं बुटकं झाड पुढं बुटकीच पोरं देईल. उंच झाडाचं तसं नाही. तीन उंच झाडांपैकी दोघांच्या पोटात बुटकेपणा दडलेला असतो. आपल्याकडे तार-बांबूवर तीन-चार महिने तोडे चालवायचे असतात, तेव्हा तुम्हाला उंचच लागणार. म्हणून ही तपासणी तुम्हाला करावीच लागेल.

फळाच्या खांद्याचा हिरवेपणाही तसाच. कच्च्या फळाचा देठाकडचा भाग गर्द हिरवा असणं हा मूळचा, प्रभावी गुण, म्हणजे एका प्रतीनंही दिसणारा. सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं असणं हा अप्रभावी. व्यापाऱ्याला फिकट आवडतं, कारण ते एकसारखं लाल होतं. पण २०१२ साली हा जनुक ओळखला गेला तेव्हा कळलं, की फिकट फळात हरितद्रव्य कमी असल्यामुळे त्यात साखरही कमी तयार होते. दिसण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीत चव हातची निसटली ती अशी. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात क्रेट पाठवायचे असतील तर फिकट धरा. थेट गिऱ्हाइकाला विकणार असाल, तर हिरव्या खांद्याच्या चार-पाच झाडांचं बी वेगळं ठेवा असा माझा आग्रह आहे.

पाटाकडेच्या झाडाची गोष्ट सांगताना मला माझं पहिलं मोठं अपयश सांगावं लागेल. शिरोळ तालुक्यात एका एफ-२ च्या ४०० झाडांतून मी वजन करून, वहीत लिहून, सर्वाधिक उत्पन्नाची १२ झाडं निवडली होती. पुढच्या हंगामात त्यांची पिढी लावली, तर सरासरी बाकीच्यांइतकीच. मग जुना नकाशा काढला. १२ पैकी ९ झाडं लागून असलेल्या दोन ओळींतली होती आणि उन्हाळ्यात तिथंच शेणखताचा ढीग पडलेला होता. मी वर्षभर खताची निवड केली होती. तेव्हापासून मी रानाचे चौकोन पाडल्याशिवाय एकही झाड निवडलेलं नाही. तुम्हीही २९६ झाडांचे १० तुकडे करा आणि दर तुकड्यातली उत्तम २-३ झाडं घ्या. पाटाकडच्या झाडाची तुलना पाटाकडच्याच झाडांशी होऊ दे.

कोणत्या गुणाबाबत डोळ्यावर विश्वास ठेवायचा, हे मोजताही येतं आणि तुम्ही ते मोजावं. एफ-२ चं बी शिल्लक असेलच. पुढच्या लागणीला त्याची २०० रोपं लावा आणि मूळ संकरित वाणाची ३० रोपं विकत आणून त्यांच्यात विखरून लावा. ती ३० आतून एकसारखी असल्यामुळे त्यांच्यात दिसणारा फरक हा निव्वळ रानाचा. एफ-२ मधला फरक हा रानाचा अधिक वारशाचा. वजाबाकी केली की वारसा उरतो. हा फरक मोजायचं माप म्हणजे व्हेरियन्स, आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारं. मोबाइलवरच्या एक्सेलमध्येसुद्धा ते निघतं. समजा, केवळ समजावण्यासाठी, फळाच्या वजनाचं व्हेरियन्स संकरितात ६० आणि एफ-२ मध्ये २४० आलं. म्हणजे २४० पैकी १८० वारशाचं. आनुवंशिकता ७५ टक्के. झाडाच्या एकूण उत्पन्नाचं संकरितात ०.३६ आणि एफ-२ मध्ये ०.४८ आलं, तर आनुवंशिकता २५ टक्के.

त्याचा परिणाम बघा. फळाच्या वजनाची सरासरी ७० ग्रॅम आहे आणि तुम्ही १०० ग्रॅमची झाडं निवडलीत. ३० ग्रॅमच्या आघाडीपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे साधारण २२ ग्रॅम पुढच्या पिढीत उतरतील. उत्पन्नाची सरासरी अडीच किलो आणि निवडलेली झाडं ३.९ किलोची असतील, तर १.४ किलोच्या आघाडीतले जेमतेम ३५० ग्रॅम हाती लागतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहूनही थोडं कमीच मिळतं, कारण जनुकांच्या जोडीमुळे आलेली ताकद जोडी फुटली की जाते. टोमॅटोत फळाचं वजन, आकार, कप्प्यांची संख्या यांची आनुवंशिकता सहसा भरपूर असते; झाडाच्या एकूण उत्पन्नाची कमी. म्हणून एकट्या झाडावरून फळाचा आकार निवडा, उत्पन्न निवडू नका. उत्पन्न बघायचं ते त्याच झाडाच्या २०-२५ लेकरांच्या ओळीवरून, आणि तेही दोन ठिकाणी लावून. भारानं वाकलेलं झाड बघून हात शिवशिवतो, मी समजू शकतो. पण त्या झाडाचं खरं उत्पन्न तुम्हाला त्याची लेकरंच सांगतील.

आणखी एक ओढाताण ध्यानात ठेवा. फळं मोठी निवडत गेलात की झाडावरची संख्या घटते, संख्या वाढवलीत की फळं बारकी होतात. झाडाकडे जेवढं अन्न आहे तेवढंच ते वाटतं. गोडीचंही तेच: उत्पन्न वाढत गेलं की रस पातळ होतो. मी दोन टोकं सोडून ८०-९० ग्रॅमची फळं आणि दर घोसात ५-६ फळं शेवटच्या घोसापर्यंत धरणारी झाडं घेतो. शेवटच्या घोसाचा मुद्दा मुद्दाम लिहिला. पहिले दोन घोस सगळीच झाडं भरतात.

व्हायरसच्या बाबतीत स्वच्छ दिसणारं झाड प्रतिकारक असेलच असं नाही. पांढरी माशी तिथं बसलीच नसेल. पानं मुरडणाऱ्या या रोगाला, म्हणजे पर्णगुच्छाला, प्रतिकार करणारे टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ हे जनुक जंगली टोमॅटोंकडून आलेत आणि ते कमी-अधिक प्रमाणात प्रभावी आहेत. म्हणजे स्वच्छ झाडांतली बरीचशी आतून मिश्र असणार. पुढच्या वर्षी दर चार ओळींनंतर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पंधरा दिवस आधी लावा आणि तिथं माशीसाठी फवारू नका. रोग सगळीकडे सारखा पसरू दे. मग निवडलेल्या प्रत्येक झाडाची निदान १६ लेकरं बघा. आई मिश्र असेल तर सोळाच्या सोळा स्वच्छ राहण्याची शक्यता शंभरात एक. पिवळ्या फळांसाठीही हीच सोळाची चाचणी चालते, तेव्हा एकाच ओळीत दोन्ही कामं होतात. पानाच्या तुकड्यावरून डीएनए तपासून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. शेवटच्या १०-१२ वंशांसाठी तो खर्च सार्थकी लागतो, पहिल्या वर्षी नाही. कागल-निपाणी पट्ट्यातल्या मजुरांना एक गोष्ट प्रेमानं सांगा: तंबाखू मळून तसाच झाडाला हात लावायचा नाही. मोझॅकचा विषाणू तंबाखूतून हातावर येतो आणि तुमची निवड नासवतो.

तीन गुण एकाच वेळी दोन्ही प्रतींत शुद्ध हवे असतील तर ६४ झाडांत एक सापडतं. २९६ मध्ये चार-पाच. म्हणून पहिल्याच फेरीत सगळं हवं असा हट्ट नको. या पिढीत पिवळी, पोकळ, तडकणारी, रोगट झाडं गाळा आणि २५ झाडं ठेवा. एवढंच.

निवड कुठं आणि कधी करता, यालाही तितकंच महत्त्व आहे. आपला जिल्हा एक नाही. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस यांत जवळपास दसपट फरक. एकीकडे तांबडी, निचऱ्याची जमीन, दुसरीकडे काळी, पाणी धरणारी. खरिपात करप्याच्या माऱ्यात टिकलेलं झाड आणि एप्रिल-मेच्या उन्हात फळ धरणारं झाड ही एकच असतील असं नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांवर आणि रात्रही उबदार राहू लागली की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. तुम्हाला उन्हाळी वाण हवा असेल तर निवड उन्हाळ्यातच झाली पाहिजे, एसी लावून वाढवलेल्या नर्सरीत नव्हे.

आता थोडं पुढचं. तुमच्या संकरिताच्या दोन आईबापांच्या जनुकांपलीकडे तुमच्या रानात काहीही नाही, आणि निवड नवं काही निर्माण करत नाही, असलेलंच वर आणते. टोमॅटो दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पट्ट्यातला. तिथून मेक्सिको, युरोप आणि मग आपल्याकडे, दर टप्प्यावर मूठभर बीच पुढं गेलं, म्हणून लागवडीतल्या टोमॅटोत विविधता फार थोडी उरली. जंगली नातेवाइकांत ती ठासून भरलेली आहे, पण ती आणणं कष्टाचं. सूत्रकृमींना रोखणारा एमआय जनुक १९४० च्या दशकात एका जंगली पेरुव्हियन जातीतून, कोवळा गर्भ काचपात्रात वाढवून, मोठ्या मुश्किलीनं आणला गेला. आणि तोही माती २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो, हे आपल्या उन्हाळी लागणीला नेमकं नडतं. तुम्ही जंगलाकडे जायची गरज नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री, बेंगळुरूच्या बागवानी संस्थेचा अर्का विकास हे सरळ वाण आहेत. तुमच्या उत्तम चार-पाच वंशांचा तिसऱ्या वर्षी यांच्याशी संकर करा. गावातल्या एखाद्या परसात जुना, आंबट, सुरकुत्या पडलेला गावठी टोमॅटो असेल तर तोही आणा. कळी पिवळसर झाली पण उघडली नाही, अशी संध्याकाळी धरायची, पुंकेसरांची नळी चिमट्यानं काढायची, सकाळी दुसऱ्याचा पराग लावायचा आणि टोपीची दोन पानं खुणेला कापायची. चार दिवसांत हात बसतो.

वेळ किती लागेल? टोमॅटो स्वतःच्याच परागानं फळतो, म्हणून मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो: एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, एफ-४ मध्ये साडेबारा, एफ-६ ला जेमतेम ३. वर्षाला दोन पिकं घेतलीत तर अडीच-तीन वर्षांत वंश स्थिर होतो. कायद्याची भीती बाळगू नका. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क दिलाय; कंपनीच्या नावाच्या पाकिटात घालून मात्र विकायचं नाही.

या आठवड्याचं काम सांगतो. निवडलेल्या झाडांना नंबरची पट्टी बांधा, फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली घ्या. बी रसासकट भांड्यात २४ तास आंबवा. सध्याच्या उकाड्यात जास्त ठेवलंत तर तिथंच मोड येतात. धुऊन सावलीत कापडावर वाळवा. दर झाडाचं पाकीट वेगळं. वर नंबर, तुकडा आणि तारीख. सगळं बी एकत्र केलंत तर वर्ष वाया गेलं.

आणि त्या ७१ पिवळ्यांपैकी फळाचा आकार चांगला असलेल्या दोन निरोगी झाडांचं बीही काढून ठेवा. रिनचं बी चांगलं उगवतं. उद्या तुमचा लाल वंश शुद्ध झाला आणि त्याच्यावर या पिवळ्या वंशाचा पराग टाकलात, तर येणारं प्रत्येक रोप अर्ध्या मात्रेचं असेल, लाल आणि टिकाऊ. तुमच्या स्वतःच्या संकरित वाणाचा बाप तुमच्याच रानात उभा आहे.